पेयोच्या पाट्या

"ही ठोकून बघा," चीजवाला पेयो म्हणाला आणि त्यानं चीजची एक ढेप सोलांजपुढे सरकवली.

सोलांजनं बोटांनी टकटक केलं. आवाज भरीव आला.

"कलिंगड घेतेयस का गं?" आर्मेल मागून म्हणाली. "दरवर्षी ठोकतेस आणि शेवटी पेयो देईल तीच उचलतेस."

"आणि तू? वास घेऊन घेऊन नाक झिजलं तुझं!"

टोपली धरून उभा असलेला इव्हों हसला. तो गाडी चालवायचा, सामान वाहायचा आणि या दोघींची बोलणी खायचा. ऑगस्टमध्ये डोंगराखालच्या या गावात घर भाड्यानं घ्यायचं आणि गुरुवारचा बाजार चुकवायचा नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. पूर्वी चौघं असायची.

चीजचाही शिरस्ताच होता. ऑगस्टात ढेप पसंत करायची, तिच्यावर आपल्या नावाची लाकडी पाटी खोचायची. पेयो ती तळघरात मुरवायचा, दर दोन दिवसांनी उलटायचा आणि नाताळात पाटीसकट खोक्यात घालून पोस्टानं घरी धाडायचा.

तीन वर्षांपूर्वी इव्होंची बायको कोलेत ऑक्टोबरात वारली. डिसेंबरात तिच्या नावाची ढेप दारात आली. इव्हों ती मांडीवर घेऊन दिवसभर बसला. कुणाला सुरी लावू देईना. पुढे तिला बुरशी लागली, तरी त्यानं ती टाकली नाही. "असलं खोकं कुणाच्या दारात येऊ नये गं," आर्मेल तेव्हा रडत म्हणाली होती.

पेयोनं दोन पाट्या खोचल्या. एक सोलांज, एक आर्मेल. आर्मेलनं आपली ढेप लेकराला थोपटावं तशी थोपटली. "नाताळात तुझ्याकडेच फोडू दोन्ही," ती म्हणाली. "तुझी सुरी तेवढी धार लावून ठेव."

"ठेवते की," सोलांज म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. तिला भडभडून आलं होतं.

जुलैत दोघी मिळून हॉस्पिटलात गेल्या होत्या. या वयात एकदा सगळं तपासून घेऊ म्हणून. वाईट असेल ते मला सांगू नका, माझ्या मैत्रिणीला सांगा, असं दोघींनी कागदावर लिहून दिलं होतं. कल्पना आर्मेलचीच. आर्मेलचा निकाल ऐकायला सोलांज आत गेली. ऑक्टोबर उजाडला तरी खूप, डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन तिनं सांगितलं, "म्हशीसारखी ठणठणीत आहेस."

तेव्हापासून एकच ध्यास. आर्मेलची ही सुट्टी आनंदात जायला हवी. तिला या गोष्टीचा वाराही लागता कामा नये. पण ते खोकं? आर्मेलला मागेपुढे कुणी नाही. तिचं घर बंद दिसलं की पोस्टमन ते शेजारी, म्हणजे सोलांजच्याच दारात आणून ठेवणार.

"चला, कॉफी!" इव्हों म्हणाला.

"तुम्ही बसा. मी हॅट बघून आले," म्हणत आर्मेल गर्दीत शिरली.

ती परतली तेव्हा डोकं उघडंच होतं.

"हॅट कुठाय?" इव्होंनं विचारलं.

"माझ्या डोक्याच्या मापाची नाही मिळाली."

"एवढं मोठं डोकं, आत काय ते देव जाणे!"

आर्मेल मोठ्यानं हसली. डोळे पुसले. मग सोलांजचा दुसरा कप तिनं ओढून घेतला. "बास आता. पित्त झालंय ना तुला? डॉक्टर काय म्हणाले, सांगितलं होतं ना मी?"

"बघ रे, माझी सासूच ही!" सोलांज म्हणाली. उठताना तिला जरा चक्कर आली. ऊन फार होतं. "लसूण राहिला. आले मी."

"मी येते."

"बस गं! पाच मिनिटांचं काम."

लसणाकडे न जाता ती थेट पेयोकडे गेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तो तिच्याकडे पाहून दचकलाच.

"पेयो, एक काम कर," ती हळूच म्हणाली. "आर्मेलची पाटी काढ. नाताळापर्यंत ती नसेल रे. आणि तिला कळू देऊ नकोस."

पेयोच्या हातातलं फडकं थांबलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग वळला, मागच्या फळीवरून पाटी उपसली आणि एप्रनच्या खिशात टाकली. आत लाकडावर लाकूड वाजलं.

सोलांजनं फळीकडे पाहिलं. दोन्ही ढेपा बोडक्या होत्या.

"आणि माझी रे?"

पेयोनं मान खाली घातली.

"आर्मेलबाईंनी मघाशीच काढायला लावली," तो म्हणाला. "तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."