पहिला घोट

बाबा गेल्यावर शेजारच्या काकू तिला भेटायला आल्या, पण जिभेला आवर नव्हता. "वाईट वाटून घेऊ नकोस हो, पण सरकारी माणूस! मनात आलं की पाणी बंद. आता टाकीवर यंत्र बसवलंय, तर एका दिवसाचा खाडा नाही."

तिने काकूंपुढे पाण्याचा पेला ठेवला. गावाच्या टाकीवर नोकरीला असलेले बाबा रोज पहिला घोट स्वतः पीत, मगच गावाला पाणी सोडत. चव बिघडलेली वाटली की चावी फिरवत नसत आणि दिवसभर गावाच्या शिव्या खात.

"काकू, यंत्र चव घेतं का हो?"

"अगं, त्याला काय जीभ आहे?" काकूंनी हसत नुकत्याच आलेल्या पाण्याचा पेला रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. "आज जरा कडवटच आहे गं."

तिने धावत जाऊन नळ बंद केला. गल्लीत घराघरांतून हंडे भरत असल्याचे आवाज येत होते.