इझेलच्या जुन्या तारा

मेम्फिसमध्ये तसा स्वर दुसऱ्या कुणाच्याच गिटारचा नव्हता. इझेल बूकर वाजवायला लागला की गरम मक्याच्या पावावर लोणी विरघळतंय असं वाटायचं.

तो वारल्यावर त्याचा चेला व्हर्डेल त्याच्याच घरात, त्याच्याच गिटारवर महिनोन्‌महिने झटला. तो स्वर काही लागेना.

"लागेल कसा? आल्या आल्या नव्या तारा चढवल्यास, शहाण्या!" इझेलची बायको अर्नेस्टीन म्हणाली. "तुटल्याशिवाय तो तार बदलायचा नाही." व्हर्डेलनं फेकलेल्या काळपट तारा तिनं कचऱ्यातून उचलून जपल्या होत्या. त्या त्याच्या हातात देऊन ती भेंडी चिरायला आत गेली.

व्हर्डेलनं त्या चढवल्या आणि अंगठ्यानं हळूच छेडल्या. तोच स्वर! उबदार, नितळ. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात लाकडी जमिनीवर बुटाची टाच ठेका धरू लागली.

"किती वेळा सांगू, घरात बूट काढत जा म्हणून!" अर्नेस्टीन आतून ओरडली.

व्हर्डेलनं खाली पाहिलं. त्याच्या पायात नुसते मोजे होते.

"मिस अर्नेस्टीन, मी दारातच काढलेत."

"तुला नाही रे बोलले, बाळा," ती म्हणाली. "तू थांबू नकोस."