देवीच्या डोंगरावर जोडीने

बोट धक्क्यापासून सुटली तशी हात्सुएकाकूंनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि ओठांना लालभडक लिपस्टिक लावली. शेजारी बसलेला दाइगो घाईघाईने समुद्राकडे बघू लागला. होणारी सासू, साठी उलटलेली, एरवी पहाटेपासून आपल्या दुकानातल्या भट्टीच्या धुरात वाम मासे भाजत उभी असणारी. तिला असं नटताना बघायची त्याला सवय नव्हती.

"कसं दिसतंय रे?"

"छान, काकू."

"छान म्हणताना माणसाकडे बघावं."

त्याने बघितलं. ठेवणीतली जांभळी ओढणीसुद्धा आज बाहेर निघाली होती.

मिनोरी मागे धक्क्यावर हात हलवत उभी होती. काकूंची एकुलती एक लेक, दाइगोची होणारी बायको. तिला का नेलं नाही, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. मियाजिमा बेटावरची देवी जोडप्यांवर भारी जळते. जोडीने तिचा डोंगर चढलात की जोडी फुटलीच म्हणून समजा. तरुण पोरं हे हसण्यावारी नेतात आणि तरी निम्मी वेगवेगळ्या बोटींनी जातात. "लग्न तोंडावर आलंय, विषाची परीक्षा कशाला?" काकू म्हणाल्या होत्या. "याला मी एकटीच देवीच्या दर्शनाला नेऊन आणते."

दाइगोला ते सोयीचंच होतं. आज त्याला काकूंशी बोलायचं होतं.

काकूंना घरजावई हवा होता, सासरचं आडनाव लावून दुकान चालवणारा. नवरा शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळला तेव्हा त्यांनी त्याला शब्द दिला होता की दुकानात भट्टीशी आपल्याच आडनावाचा माणूस उभा राहील. आणि काकूंनी शब्द फिरवलेला कुणी पाहिला नव्हता. एकदा वादळात धक्का बंद होता, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, तरी पाटीवर लिहिलेल्या वेळेला त्यांनी दुकान उघडलं होतं. इकडे दाइगो नागासाकीच्या गोदीत जहाजांचे आराखडे काढायचा आणि त्याचा जीव त्यातच होता. मिनोरीलाही नागासाकीलाच जायचं होतं. "पण आईला दुखवून मी येणार नाही," तिने स्पष्ट सांगितलं होतं. "तिचं मन वळवायचं ते तू वळव."

बेटावर उतरल्या उतरल्या एका हरणाने दाइगोच्या खिशातला नकाशा ओढून चावायला घेतला. काकू पोट धरून हसल्या. मग त्यांनी मेपलच्या पानाच्या आकाराचा एकच गोड केक घेतला आणि मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"काकू, अजून एक घेऊ की."

"एकातच खायचं. आणि इथे मला काकू म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. हात दे."

चढ सुरू झाला. काकूंनी त्याच्या दंडात हात अडकवला तो काढलाच नाही. पायऱ्या अरुंद होत्या, खाली उतरणारे लोक बाजूला सरून वाट देत होते.

"अहो, जरा हळू चाला ना," काकू मोठ्याने म्हणाल्या.

दाइगोने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. उतरणारी एक बाई मात्र तोंडावर रुमाल धरून गेली, आणि दाइगोचे कान लाल झाले. काकूंना चढ बाधला असावा, असं त्याने मनाशी ठरवलं. अशा अवस्थेत दुकानाचा विषय काढणं बरं दिसलं नसतं.

माथ्याच्या जरा खाली एक देऊळ आहे. तिथला अग्नी हजाराहून जास्त वर्षं विझलेला नाही म्हणतात. त्यावर मोठी किटली उकळत असते. आत शिरताच धूर नाकात गेला आणि दाइगो शिंकत सुटला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भट्टीपाशीही असाच शिंकतोस," त्या म्हणाल्या.

"सवय होईल," तो म्हणाला, आणि स्वतःचाच त्याला राग आला. बोलायची एवढी आयती संधी हातची गेली होती.

काकूंनी किटलीतलं पाणी एका पेल्यात घेतलं, अर्धं प्यायल्या आणि पेला त्याच्यापुढे धरला. काठावर लिपस्टिकचा ठसा होता. दाइगोने डोळे मिटून पाणी पिऊन टाकलं.

मग देवीचं देऊळ. हात जोडण्याआधी टाळ्या वाजवायची तिथली रीत; काकूंनी त्या अशा वाजवल्या की झाडावरचे पक्षी उडाले. "आम्ही आलोय हो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दोघं." तेवढ्यात एक पर्यटक वर आला. त्याच्या हातात त्यांनी फोन दिला. "आमचा जोडीचा एक काढा." फोटोत काकू मनापासून हसत होत्या आणि दाइगो घाबरल्यासारखा दिसत होता.

परतीच्या बोटीत त्याने एकदाचा धीर केला. आता धक्का दिसू लागला होता, मिनोरी दिसेल, मग उशीर होईल.

"काकू, मला दुकानात उभं राहायला जमणार नाही. नागासाकी माझ्याच्याने सुटत नाही. मिनोरीचंही तेच आहे, पण ती तुम्हाला दुखवणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर सगळं संपलं."

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी रुमालाने ओठ पुसले आणि जांभळी ओढणी घडी करून पर्समध्ये ठेवली.

"मी ह्यांना शब्द दिलाय, दाइगो. तो मी मोडायची नाही. घरजावई म्हणूनच तुला घेणार आणि उद्या सगळ्यांसमोर तसं सांगणार."

दाइगोने मान खाली घातली. धक्क्यावर मिनोरी हात हलवत होती, आणि तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना.

"पण आज दिवसभर देवीने काय बघितलं?" काकूंनी मागे राहिलेल्या डोंगराला हात जोडले. "एका पेल्यातून प्यालो, हातात हात घालून डोंगर चढलो, वर तिच्याच दारात फोटो काढला. आता ती गप्प बसायची होय? आपल्या दोघांची ताटातूट करून तुला बायकोसकट नागासाकीला धाडल्याशिवाय राहायची नाही ती. आणि देवीपुढे माझ्यासारखीचं काय चालणार?"