गर्दीतली बाई

एका हॉटेलमालकासाठी रघुवीर जुन्या विलायती चित्राची हुबेहूब नक्कल रंगवत होते.

"बर्फातल्या झाडावर चढून तो म्हातारा काय कापतोय हो?" अंथरुणावरून शालननं विचारलं.

"केल्ट लोकांचा पुजारी आहे तो. आपल्याकडे आंब्यावर असतं तसलं बांडगूळ कापतोय. त्यानं सगळे आजार बरे होतात, असं ते मानायचे."

शालन खोकत हसली. "मग खालच्या गर्दीत मलाही उभी करा."

मूळ चित्रात नसलेली रेघही रघुवीरांनी आजवर कधी ओढली नव्हती. तरी त्यांनी झाडाखाली ओंजळ पसरलेली शालन रंगवली. तिनं ती डोळे भरून पाहिली. दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

चित्र न्यायला आलेला मालक चमकला. "ही साडीतली बाई कोण?"

"आमची मंडळी. परवाच तेरावं झालं."

मालक ओशाळला. "मग राहू द्या की."

"नको. ते बांडगूळ काही खाली पडायचं नाही. तिला जन्मभर ताटकळत कशी ठेवू?"

रघुवीरांनी पांढरा रंग कालवला. चेहऱ्यापाशी कुंचला अडखळला. मग तिथंही बर्फ पसरला.