मिऱ्याची चक्की

उमरग्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात सून मिरे दळायची चक्की निवडत बसली, तेव्हाच कस्तुराबाईंच्या मनात पाल चुकचुकली. घरी चांगला पितळी खलबत्ता असताना हे खूळ कशाला? मिक्सर आला तेव्हा पाटा मोरीत गेला. आता खलबत्ता माळ्यावर जाईल, आणि त्याच्यामागोमाग आपली रवानगी स्वयंपाकघरातून ओसरीवर.

हर्षाली एकेक चक्की उचलायची, उजवा हात पाठीमागं ठेवून नुसत्या डाव्या हातानं चालवायची आणि मान हलवून परत ठेवायची. जेवायला उजवी, लिहायला उजवी. आजच हिला डावा हात कुठून आठवला? कस्तुराबाईंचा संशय आणखीच बळावला.

"ताई, लोक पूड बारीक पडती का बघतेत," दुकानदार कावला. "तुमची तऱ्हाच न्यारी!"

शेवटी एक चक्की हर्षालीच्या मनास आली. ती तिनं सासूपुढं धरली.

"आत्या, सप्ताहात कीर्तन ऐन रंगात आलं आन् तुम्ही टाळ शेजारणीच्या हातात दिला. तुमच्या हातून टाळ सुटला म्हंजी मनगट लई दुखत असणार. ही एका हातानं दाबली की चालती. आमटी तुमच्याच हातची पायजे आमाला."

कस्तुराबाईंनी पदराखाली लपवलेला उजवा हात बाहेर काढलाच नाही. डाव्या हातानंच त्यांनी चक्की दाबून पाहिली.

"मिरे मात्र मीच निवडून घालीन," त्या म्हणाल्या, पण आवाज काही कडक निघाला नाही.