फोरट्रानची नवी आवृत्ती

"आई, ही फोरट्रान आजीच्या वयाची आहे! काढ ना आता मोडीत," शर्वाणीने नेहमीसारखं चिडवलं. वेधशाळेच्या संगणकावर याच भाषेत पावसाचं गणित मांडणारी आई आज चिडली नाही; तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"तिला काय धाड भरलीय? माझे जुने प्रोग्रॅम अजून ठणठणीत चालतात. पण ही नवी आवृत्ती बघ. सोमवारी ऑफिसातल्या मुलांना मी शिकवायचीय, आणि मलाच ओ की ठो कळत नाही. भाषा तरुण होतेय गं, म्हातारी मी झालेय."

शर्वाणी गोंधळलीच. हरलेल्या आईशी बोलायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं. "दे इकडे," म्हणत तिने ऐटीत स्क्रीन वाचला. पुन्हा वाचला. सगळं डोक्यावरून गेलं.

"काय मॅडम, समजलं?"

"अजिबात नाही!" शर्वाणीने खुर्ची ओढली. "सरक. पहिल्या ओळीपासून दोघी मिळून गोंधळू."