नव्वद अंशांची डोलकाठी

ऐक ना, नुसतं ऐक, मधे काही विचारू नकोस.

खुशी ओटीवर गुडघे टेकून बसलेली. समोर तिच्या आज्याने बनवलेला मचवा, म्हणजे शिडाच्या होडीची छोटी प्रतिकृती, दीड हात लांब, अस्सल सागाची. आणि हिच्या हातात गुण्या. सुतार काटकोन बघायला लावतात ना, तो. ही सातिवलीला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी चेकिंगला आहे, दिवसभर तेच करते. वाकडं दिसलं की हिचा हात शिवशिवतो. तिने गुण्या डोलकाठीला लावला. डोलकाठी वाकडी! थोडीथोडकी नाही, चांगली बोटभर पुढे झुकलेली. मागून कोणी टपली मारल्यासारखी.

आत बळीराम आजा घोरत होता. एकोणऐंशी वय. तरुणपणी बावीस वर्षं मिठागरातून मीठ भरून शिडाच्या मचव्याने मुंबईला नेलेला माणूस. आता गावात तसा तो एकटाच उरलाय. म्हणून मंडळाने त्याला गळ घातली, की आजा, गावदेवीच्या जत्रेत ठेवायला एक छोटा मचवा करून दे. काचेची पेटीसुद्धा बनवून घेतली त्यांनी. आजा एवढा खूश, की विचारू नकोस. पण त्याचे हात थरथरतात गं. चहाचा कप बशीत ठेवला तर टकटकटक वाजतो.

खुशीला जत्रा डोळ्यासमोर दिसायला लागली. काचेच्या पेटीभोवती सगळं गाव, आणि कोणीतरी म्हणणार, म्हातारा हलतो तसाच मचवा पण हलला वाटतं! तिने ठरवलं. आज्याला सांगायचं नाही, त्याचं मन मोडायचं नाही.

तिने मोबाईलवर आधी फोटो काढले. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या आठ दोऱ्या, प्रत्येक गाठ जवळून. मग दोऱ्या सोडल्या, बुडातली पाचर ढिली केली, काठी सरळ केली, पाचर परत ठोकली. आणि आठही गाठी फोटो बघून हुबेहूब आज्यासारख्या मारल्या. तास गेला. गुण्या लावला. नव्वद! परफेक्ट!

दुसऱ्या दिवशी चारला कामावरून आली, बघते तर काठी पुढे झुकलेली.

तिला वाटलं, पाचर सैल पडली असेल. नाहीतर सकाळी शीड लावून बघताना आज्याचा हात लागला असेल. आजा जेवून झोपलेलाच होता. परत सोडलं, परत बांधलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. आता तू म्हणशील, रोज पुढेच कशी झुकते, मागे का नाही, बाजूला का नाही? मीपण तेच म्हटलं तिला. पण तेव्हा तिच्या डोक्यात एकच, बिच्चारा माझा आजा, आणि त्याचे ते हात.

पाचव्या दिवशी आली तर डोलकाठी सरळ! जशी ठेवलेली तशीच, ताठ. खुशी नाचायचीच बाकी होती.

पण आजा झोपला नव्हता. मचव्यासमोर मांडी घालून बसलेला. शीड तसंच घडी करून बाजूला.

"खुशी, बस इथं. तुज्या बापाला सांगू नको हां."

"काय झालं आजा?"

"मी रोज सकाली काठी पुढं झुकवून बांधतो. मचव्याची काठी पुढंच झुकते, मंजे शीड फिरवताना अडकत नाय. दुपारी झोपून उठतो, बघतो त ती सरळ. गाठी बघितल्या. माज्याच गाठी, पोरी! मीच सोडली, मीच बांधली, अन मना कायपन आठवत नाय."

खुशीने त्या गाठींकडे बघितलं.

"माजा थोरला भाऊस असाच गेला," आजा म्हणाला. "पयले बारीकसारीक विसरला, मग सोताचं घर विसरला. आज मी काठीला हातच नाय लावला. कोन जाने, सरळच असल बरोबर. मंडळाला सांग, पेटी दुसऱ्या कामाला वापरा."

चार दिवस! चार दिवस तो म्हातारा कोणाला न सांगता एकटा हे घेऊन बसलेला.

"आजा, मी केली," खुशी रडायलाच लागली. "रोज मीच केली. तुझ्या गाठींचे फोटो काढून."

आजा तिच्याकडे वळला. "तू? कशाला?"

खुशी मान खाली घालून पुटपुटली, "मला वाटलं, तुझे हात…"

आज्याने दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले. थरथर थरथर. मग म्हणाला, "हात? नुसते हातच ना?"

"हो आजा."

आणि हा माणूस उठला, लहान पोरासारखा, आणि आत स्वयंपाकघराकडे बघून आजीला ओरडला, "कमले! अगं कमले, चहा टाक! नुसते हातच गेलेत माजे!"

हसू नकोस. तू असतीस तर पहिल्याच दिवशी त्याला उठवून विचारलं असतंस? खरं सांग.